पावसाळ्यात जुन्या गाडीत पाणी येतंय : ते शिरतं कुठून, हे शोधायचं कसं?

पावसाळी_पायवाट | ६ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे बाबांची २००१ ची छोटी हॅचबॅक आहे. मॉडेल आता बंद झालंय, पण सुटे भाग अजून मिळतात. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून गाडी मीच चालवते. घर देवरुखजवळ. अंगणात आंब्याखाली गाडी उभी असते, वर पत्रा नाही.

गेल्या पावसाळ्यापासून डावीकडच्या सीटच्या पायाशी पाणी साठायला लागलंय. रबरी मॅट उचलली की खालचा कार्पेट ओला, आणि त्याच्या खालचा नमदा हाताने पिळला तर तांब्याभर पाणी निघतं. जिथे दाखवलं तिथे प्रत्येकाने समोरच्या काचेच्या बीडिंगवर, म्हणजे काचेभोवतीच्या रबरावर, बोट ठेवलं. आतापर्यंत तीन वेळा बीडिंगभोवती सिलिकॉन मारून झालं. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस बरं वाटतं, मग मोठी सर आली की पुन्हा तेच.

पुढच्या पासिंगआधी हे थांबायला हवं, नाहीतर खालचा पत्रा कुजेल. गाडी विकायची नाही, त्यामुळे कृपया तो सल्ला नको. पाणी नेमकं कुठून शिरतं हे घरच्या घरी शोधता येईल का? कुणी शोधलंय का?

---

रानमेवा | ६ जुलै, रात्री ९.३२

आमच्याकडेही हेच, फक्त उजव्या बाजूला. वाचतेय.

---

जुनाट_इंजिन | ६ जुलै, रात्री १०.०५

ताई, मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगच्या कामात तीस वर्षं काढली, आता घरीच असतो. गाडीत पाणी ही तक्रार दर जूनमध्ये ठरलेली. यात सगळ्यात मोठी चूक एकच होते, पाणी जिथं दिसतं तिथंच शिरतंय असं धरून चालायचं. पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी दोन-दोन फूट ओघळत जातं आणि कार्पेटचा सखल भाग सापडला की तिथं थांबतं. म्हणून ट्यूब हातात घ्यायच्या आधी मला एवढं सांगा :

गाडी उभी असताना पाणी येतं की चालवताना? फक्त चालवताना, डबक्यातून गेल्यावर येत असेल तर ते खालून येतंय. फ्लोअरच्या पत्र्याला भोकं असतात, त्यांना रबरी बुचं असतात. ती वाळून पडतात आणि चाकाने उडवलेलं पाणी सरळ आत येतं.

एसी आहे का? असेल तर बिनपावसाच्या दिवशी एसी लावून पाहा. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की ते पाणी बाहेर पडायचं सोडून डाव्या पायाशी उतरतं, आणि लोक पावसाला दोष देत बसतात.

पाण्याचा रंग कसा आहे, वास कसला येतो? चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते पावसाचं नाही, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आहे. हीटरची जाळी गळत असेल.

आणि शेवटचं. पाऊस थांबल्यावर आत ठिबकायचंही लगेच थांबतं, की नंतरही चालू राहतं?

---

ठिपक्यांची_रांगोळी | ६ जुलै, रात्री १०.२०

एसीच्या नळीबद्दल शंभर टक्के सहमत. आम्ही नाशिकला अख्खा एप्रिल ओला कार्पेट सोसला. एप्रिलमध्ये पाऊस कुठला? तरी काचवाल्याने काच काढून पुन्हा बसवली. शेवटी एका फिटरदादांनी गाडीखाली हात घालून नळीच्या टोकाचा मातीचा गोळा काढला. भळाभळा पाणी आलं. दोन मिनिटांचं काम. गांधीलमाशीने तिथे घर केलं होतं.

---

पावसाळी_पायवाट | ७ जुलै, सकाळी ७.१५

@जुनाट_इंजिन, काका, इतकं नीट विचारलंत, आभार. एसी नाही. पाणी गाडी उभी असतानाच येतं. आज पहाटे टॉर्च घेऊन आत बसले होते. पाऊस साडेचारला थांबला, पण डॅशबोर्डखाली डावीकडे आत कुठेतरी थेंब पडल्याचा आवाज पावणेसहापर्यंत येत होता.

रंग मी कधी बघितलाच नव्हता. आज पांढरा कपडा ठेवला. कोऱ्या चहासारखा डाग आलाय. वास ओल्या पाचोळ्याचा.

---

काचघर | ७ जुलै, सकाळी ८.४०

पुण्याहून. नाना पेठेत आमचं काचेचं काम, वडिलांपासून. जुन्या गाड्यांच्या काचा चिकटवलेल्या नसतात, रबराच्या बीडिंगमध्ये बसवलेल्या असतात. वीस वर्षांत ते रबर आकसतं, कोपऱ्यात कडक होतं, आणि काच आणि रबर यांच्यात केसाएवढी फट पडते. त्यामुळे माझ्या मते काचेला निर्दोष ठरवायची घाई नको. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत बीडिंगच दोषी निघतं.

पण वरून सिलिकॉन मारणं हा उपाय नाही, हेही तितकंच खरं. जुन्या रबरावर मेण, पॉलिश, धूळ असते. त्यावर ते धरत नाही. कडेने सुटतं आणि उलट पाणी धरून ठेवतं. बीडिंग नवीन घालायचं तर रीत अशी आहे. काच काढायची, पत्र्याची कड पूर्ण साफ करायची. गंज असेल तर घासून, प्रायमर-रंग लावून वाळू द्यायचा. मग नवं रबर काचेवर चढवायचं, रबराच्या आतल्या खाचेत गोल दोरी फिरवून तिची दोन्ही टोकं खाली मध्यभागी सोडायची. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून टेकवायची. एकाने बाहेरून तळव्याने दाबत राहायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. दोरी निघेल तसतशी रबराची ओठाळी पत्र्याच्या कडेवर चढत जाते. दोघांचा ताल जमला तर वीस मिनिटांचं काम आहे. घाई केली की काच कोपऱ्यात तडकते.

---

रसायन_मास्तर | ७ जुलै, सकाळी ११.०२

सिलिकॉनचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाची गोष्ट. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना? ते ॲसिटिक आम्ल असतं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होताना हे आम्ल सुटतं. बाथरूमच्या टाइल्सना चालतं, पण उघड्या लोखंडी पत्र्याशी त्याचा संबंध आला तर गंजाला आमंत्रण. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही, त्यामुळे पुढे डेंटरला ते खरवडून काढावं लागतं.

पत्र्याच्या सांध्यासाठी पॉलियुरेथेनचं सीम सीलंट घ्या. ते लवचीक राहतं आणि त्यावर रंग बसतो. मळून लावायचं दोन गोळ्यांचं एपॉक्सी सांध्यावर नको. ते दगडासारखं कडक होतं, गाडीचा पत्रा सतत थरथरत असतो, त्यामुळे कडेने तडा जातो.

दरवाजाच्या रबराला ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावायची सवयही सोडा. ती रबरं बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात आणि खनिज तेलाने फुगून मऊ पडतात. सिलिकॉन ग्रीस किंवा साधं ग्लिसरीन लावा.

---

बुलंद_बुरूज | ७ जुलै, दुपारी १.१८

@रसायन_मास्तर, मी दरवाजाला दहा वर्षं पेट्रोलियम जेलीच लावतोय. रबर मस्त आहे. पुस्तकातलं सगळंच रस्त्यावर लागू होत नाही.

---

रसायन_मास्तर | ७ जुलै, दुपारी २.३०

वर्षातून एकदा पातळ हात फिरवून पुसून घेत असाल तर लगेच फरक दिसणार नाही, हे मान्य. पण जुनं, आधीच थकलेलं रबर असेल आणि थर लावून ठेवला तर फुगतं, हे मी स्वतः पाहिलंय. ग्लिसरीनची बाटली औषधाच्या दुकानात मिळते आणि महाग नसते. मग जोखीम का घ्यायची?

---

जुनाट_इंजिन | ७ जुलै, दुपारी ३.४५

पायवाट ताई, तुमच्या उत्तरात सगळं आलं की! पाऊस थांबून सव्वा तास ठिबकतंय म्हणजे पाणी कुठंतरी साठून राहिलंय. बीडिंगमधून शिरणारं पाणी असं साठत नाही. सर थांबली की थोड्या वेळात तेही थांबतं. आणि चहाचा रंग पाल्याचा. कुजलेल्या पाल्यातून पाणी झिरपलं की ते असंच दिसतं.

बॉनेट उघडा. काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी एक लांब जाळी असते. तिच्याखाली पन्हळीसारखा पोकळ भाग असतो, त्याला आम्ही काऊल म्हणतो. काचेवरून ओघळणारं सगळं पाणी आधी त्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून मडगार्डच्या आतून खाली रस्त्यावर जातं. पाला अडकून भोक बुजलं की पन्हळ भरते. त्या उंचीवर सांधा, वायरचं ग्रोमेट (वायर जिथून आत जाते तिथलं रबरी कडं) नाहीतर हवेची वाट सापडली की पाणी आत. तुमची गाडी आंब्याखाली उभी असते, हे तुम्ही पहिल्याच ओळींत लिहिलंय.

काही गाड्यांत ही जाळी प्लॅस्टिकची असते, वायपरचे दांडे काढून निघते. काहींत ती पत्र्यातच कोरलेली असते, तिथं फटीतून वाकवलेली तार घालावी लागते. वायपर काढायच्या आधी काचेवर चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर परत बसवताना ते भलतीकडेच थांबतात.

@काचघर, तुमच्या कामाबद्दल शंका नाही. बीडिंगही गळत असेल. पण आधी पन्हळ बघू द्या.

---

काचघर | ७ जुलै, दुपारी ४.१०

बघा बघा. चहाच्या रंगाचा मुद्दा मला पटला. तरी पन्हळ साफ झाल्यावर नळीने तपासणी कराच. पाणी खालून वर मारत जायचं, वरून खाली नाही. आधी जाळीच्या खाली पाच मिनिटं, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. एकजण आत टॉर्च घेऊन बसलेला हवा. आणि ती सर्व्हिसिंगची जोराची पिचकारी नको. तिने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं.

---

आंबोलीकर_जीप | ७ जुलै, संध्याकाळी ६.५०

आमच्या आंबोलीच्या पावसात ताडपत्रीच्या हुडाची जीप वापरतो. पाणी आत येणार हे धरूनच चालायचं. आमच्या वडिलांचा नियम होता की पाणी येऊ दे, पण राहू देऊ नको. म्हणून फ्लोअरची चारही बुचं मे महिन्यात काढून ठेवतो आणि कार्पेट घालतच नाही. हुडला मे अखेरीस उन्हात मेण गरम करून घासतो. शिलाईच्या दोऱ्यावर दोनदा, कारण पाणी सुईच्या भोकातून येतं. हुड धुताना साबणाची पावडर वापरू नका, कापडाचा पाणी झटकायचा गुण जातो. साधं पाणी आणि मऊ ब्रश.

पायवाट यांच्या गाडीला हे लागू नाही, पण जीपवाले वाचत असतील म्हणून लिहिलं.

---

गोंयचो_पावस | ७ जुलै, रात्री ८.१५

आंबोलीकर, मेणाबद्दल धन्यवाद. इथे म्हापशाला आमच्याकडेही तसलीच जीप आहे. मेण कुठलं? मेणबत्तीचं चालेल?

---

आंबोलीकर_जीप | ७ जुलै, रात्री ८.४०

मेणबत्तीचं थंडीत कडक होऊन घडीवर तडकतं. आम्ही मधमाशीचं आणि मेणबत्तीचं निम्मं-निम्मं वितळवून घेतो. आधी कोपऱ्यात छोटा तुकडा करून बघा.

---

मधली_सुट्टी | ७ जुलै, रात्री ९.२५

दरवाजाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही म्हणून लिहिते.

दरवाजाच्या काचेच्या फटीतून पाणी दरवाजाच्या आत उतरतंच. तो दोष नाही, रचनाच तशी आहे. ते खालच्या भोकांतून बाहेर जातं. दरवाजाच्या आतल्या कव्हरमागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो पाण्याला आत, म्हणजे आपल्याकडे येऊ देत नाही. आमच्या गाडीत नवे स्पीकर बसवताना तो कागद ब्लेडने कापून टाकला होता. बसवणाऱ्याला तो निरुपयोगी वाटला असावा. पुढच्या पावसात दरवाजाच्या खालून, सिलच्या (दरवाजाखालच्या उंबरठ्याच्या) पट्टीवरून पाणी आत.

ओळखायचं कसं? दरवाजा जोरात हलवा. आत छपछप आवाज आला तर खालची भोकं चिखलाने बुजली आहेत. ती काडीने मोकळी करा, स्क्रूड्रायव्हर नको, रंग खरवडतो. कागद फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक त्याच मापाने कापून ब्यूटिलच्या चिकट पट्टीने लावा. खालची कड दरवाजाच्या आतल्या खाचेत सोडायची, कव्हरच्या बाजूला नाही. हे चुकलं तर सगळी मेहनत वाया.

दरवाजाचं रबर नीट दाबतंय का हे बघायचं तर कागदाची पट्टी रबरावर ठेवून दरवाजा लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटून आली तर त्या जागी दाब नाही. मग रबर बदलायच्या आधी बिजागरी बघा. जुन्या गाडीचा दरवाजा खाली लोंबलेला असतो.

---

रानमेवा | ७ जुलै, रात्री ९.५५

मधली_सुट्टी!!! आत्ता खाली जाऊन उजवा दरवाजा हलवला. छपछप. उद्याच भोकं मोकळी करते.

---

सिअॅटलची_सर | ८ जुलै, पहाटे ४.३०

इथे पाऊस मुसळधार नसतो, पण महिनोन् महिने रिपरिप असते. माझ्या जुन्या गाडीला सनरूफ आहे. सनरूफ पूर्ण जलरोधक नसतोच, त्याच्याभोवती खाच असते आणि चार कोपऱ्यांतून चार नळ्या खांबांमधून खाली जातात. त्यात शेवाळ साठलं की छताचं कापड ओलं होतं. एक चूक माझ्याकडून झाली, ती सांगते. नळीत हवेचा जोरदार झोत मारला. नळी आतल्या टोकाला जोडातून निसटली आणि मग सगळं पाणी थेट खांबातून पायाशी. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची जाड दोरी हळूहळू आत सरकवत न्या, तेवढं पुरतं. आता भारतातही सनरूफवाल्या गाड्या जुन्या होत चालल्या आहेत, म्हणून सांगावंसं वाटलं.

---

पद्मिनीप्रेमी | ८ जुलै, सकाळी १०.१०

आमच्याकडे १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा घरातली गाडी सांभाळायची जबाबदारी वाढल्यासारखी वाटली.

या जुन्या गाड्यांना छताच्या दोन्ही कडेने पन्हळ असते. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा तिथेच जोडलेला असतो आणि सांध्यात सीलंट भरलेलं असतं. ते वाळून भेगाळतं. भेग इतकी बारीक असते की रंगाचा तडाच वाटतो. पाणी तिथून शिरून खांबातून खाली येतं आणि पायाशी निघतं. आम्ही दोन पावसाळे काचेलाच दोष देत होतो. शेवटी आईने सुचवलं की कार्पेटखाली वर्तमानपत्र पसर आणि खांबाच्या कव्हरच्या आत टाल्कम पावडर उडव. सकाळी पावडरीत ओघळाची रेघ स्पष्ट उमटली होती, छतापासून पायापर्यंत. जुनं सीलंट टोकदार लाकडी काडीने पूर्ण काढलं, गंजावर प्रायमर, मग नवं सीलंट बोटाने बसवलं आणि रंग. त्याला सहा पावसाळे झाले.

---

ठिपक्यांची_रांगोळी | ८ जुलै, सकाळी ११.००

पावडरीची युक्ती सुंदर! आईंना नमस्कार सांगा.

---

बुलंद_बुरूज | ८ जुलै, दुपारी १२.२०

ब्लोअर असलेल्या गाडीत आणखी एक करता येतं. सगळ्या काचा बंद, ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर आणि पूर्ण वेगात. मग बाहेरून सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. जिथे फट आहे तिथे फुगे येतात. टायरचं पंक्चर शोधतो तसंच. पाणी ओतावं लागत नाही.

---

जुनाट_इंजिन | ८ जुलै, दुपारी १२.४५

बुलंद साहेब, झकास. ही पद्धत मी मागच्या डिकीच्या रबराला वापरायचो.

---

पावसाळी_पायवाट | ९ जुलै, संध्याकाळी ७.३०

सापडलं!

काल दुपारी चार तास उघडीप होती. शेजारचा भाचा मदतीला आला. वायपर काढले, खुणेची चिकटपट्टी आठवणीने लावली. जाळी निघाली आणि आत अक्षरशः वाफा होता. आंब्याचा मोहोर! जानेवारी-फेब्रुवारीत गळालेला बारीक मोहोर जाळीच्या फटीतून आत जातो, वर बारीक काड्या आणि धूळ बसते आणि पावसात त्याचं काळं खत होतं. डाव्या टोकाला वीतभर जाडीचा थर. त्यात दोन गांडुळं आणि एक कोवळं रोप. भाचा म्हणाला, आत्या, याला आळं करू या.

सगळं हाताने काढलं, अर्धं घमेलं भरलं. डावं भोक पूर्ण बुजलेलं. मडगार्डच्या आतून बोट घातल्यावर काळा गोळा खाली पडला आणि साठलेलं पाणी धो धो गेलं. त्या आवाजाने इतकं बरं वाटलं की काय सांगू. उजवं भोक मोकळंच होतं, म्हणून पाणी फक्त डावीकडे. गाडी अंगणात डाव्या अंगाला थोडी कलते, हेही तेव्हा लक्षात आलं.

पण पन्हळीच्या डाव्या टोकाच्या सांध्यात गंज आहे. तार घासली तर सुईएवढं भोक आरपार. पाणी आत तिथूनच जात होतं. आता नुसतं सीलंट भरू की वेल्डिंग?

बाबा दर मार्चला जाळीपाशी काहीतरी करत बसायचे. मी समजायचे वायपर पुसतायत.

---

रानमेवा | ९ जुलै, संध्याकाळी ७.५०

शेवटची ओळ वाचून भरून आलं.

---

जुनाट_इंजिन | ९ जुलै, रात्री ८.२०

ताई, मन प्रसन्न झालं. आता गंजाचं. टोकदार पेचकसाने भोकाच्या भोवती हलकं दाबून बघा. पत्रा टणक लागला आणि भोक सुईएवढंच राहिलं तर : तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासा, गंज थांबवणारं द्रावण, मग प्रायमर दोन हात, पूर्ण वाळल्यावर पॉलियुरेथेनचं सीम सीलंट, त्यावर रंग. पत्रा बिस्किटासारखा तुटत गेला तर सीलंटने फसवणूक करू नका, तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. पावसाळ्यात वेल्डिंग काढू नका, दिवाळीनंतर करा. तोवर सीलंट धरेल. आणि वेल्डिंगच्या आधी आतला नमदा, वायरिंग बाजूला काढायला लावा आणि बॅटरी सोडायला सांगा.

खालून काळं अंडरकोटिंग मारून घ्या असं कुणी म्हणेल. ओल्या, गंजक्या पत्र्यावर ते मारलं तर ओल आतच कोंडते. पत्रा आधी कोरडा ठणठणीत हवा.

---

मधली_सुट्टी | ९ जुलै, रात्री ८.५५

अभिनंदन! पण आता खरी परीक्षा नमदा वाळवायची. वरून कार्पेट कोरडा लागतो आणि खाली महिनाभर ओल राहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमची गाडी कलिन्यात खिडकीच्या खालपर्यंत बुडाली होती. कार्पेट वरवर पुसून गाडी चालू केली. नवरात्रापर्यंत वास गेला नाही आणि दिवाळीत सीटखालच्या वायरच्या जोडांना हिरवा गंज चढलेला. सीट काढा, कार्पेट काढा, नमदा वेगळा करून उभा टांगा. वायरचे जोड उघडून कोरडे करा.

---

पावसाळी_पायवाट | ९ जुलै, रात्री ९.१०

कोकणात जुलैत ऊन कुठून आणू? नमदा माजघरात टांगलाय, खाली पंखा.

---

गोंयचो_पावस | ९ जुलै, रात्री ९.३०

आम्ही चुलीच्या वरच्या माळ्यावर टांगतो, जिथे सोलं आणि नारळ वाळवतो तिथे. दोन दिवसांत खडखडीत. धुराचा वास येतो, पण कुबट वासापेक्षा तो परवडला.

---

ठिपक्यांची_रांगोळी | ९ जुलै, रात्री ९.४२

वासाला खायचा सोडा. रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्यूमने ओढा. कापूर नुसता वास झाकतो.

---

बुलंद_बुरूज | ९ जुलै, रात्री ९.५८

लाकडी कोळसा फडक्यात बांधून सीटखाली. माझं मत कोळशाला.

---

रसायन_मास्तर | ९ जुलै, रात्री १०.१५

दोन्ही चालेल, पण नमद्यात ओल असेपर्यंत बुरशी परत येणारच. जुना तागाचा नमदा तुकडे पडण्याइतका कुजला असेल तर तो टाकून द्या. सीट कव्हरवाल्याकडे नवा मापाने मिळतो.

---

पावसाळी_पायवाट | १७ जुलै, रात्री ८.४५

उशीर झाला, क्षमस्व. आठवडाभर इथे झड लागलीय.

पत्रा टणक निघाला, त्यामुळे काकांनी सांगितलं तसं सीलंट लावलं. वाळायला अंगणात चार बांबू रोवून वर ताडपत्री बांधली. मग भाच्याला नळी देऊन मी आत बसले. पन्हळ : कोरडी. काचेची खालची कड : कोरडी. डावीकडचा वरचा कोपरा : मिनिटाभरात एक थेंब, स्वच्छ पाण्याचा.

म्हणजे @काचघर, तुम्हीही बरोबर होतात! त्या कोपऱ्यात रबर नखाने दाबलं तर दगड लागतं. जुनं सिलिकॉन खरवडायला दोन संध्याकाळी गेल्या. नवं बीडिंग ऑक्टोबरात घालणार. तोवर काय करू?

---

काचघर | १७ जुलै, रात्री ९.२०

आनंद वाटला ताई. तोवर काचेच्या रबरासाठीचं पातळ, न वाळणारं सीलंट मिळतं. रबराची ओठाळी प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलून आत भरा, बाहेरून फासू नका. बीडिंग घेताना तुमच्या मॉडेलचंच घ्या आणि जुनं सोबत न्या. कोपऱ्याची गोलाई जुळली नाही तर घेऊ नका.

---

पावसाळी_पायवाट | २० जुलै, सकाळी ७.०५

तीन रात्री कार्पेटच्या जागी वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. काल रात्री छप्पर फोडून काढील असा पाऊस झाला. आज सकाळी वर्तमानपत्र कोरडं. बाहेर ओसरीवर बसून तोच अंक वाचला.

मार्चच्या पानावर कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलंय : जाळी, मोहोर.

---

पद्मिनीप्रेमी | २० जुलै, सकाळी ८.३०

वा! आता एकदा डिकीतली स्टेपनी उचलून बघा. मागच्या दिव्यांच्या रबरातून पाणी येतं आणि स्टेपनीच्या खळग्यात महिनोन् महिने साठतं. कुणी बघत नाही.

---

पावसाळी_पायवाट | २० जुलै, सकाळी ८.५५

उचलली. खळग्यात चार बोटं पाणी आहे. या वेळी स्वच्छ. पावडरचा डबा घेऊन मागे चाललेय.